संदर्भसूची आणि आठवी आज्ञा

प्रकल्पवह्या जमा करण्याची तारीख जवळ आली की आपल्या गावातील झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी वाढते. स्पायरल बायंडिंग होते, रंगीत मुखपृष्ठ लागते, मार्गदर्शक शिक्षकांचे आभार मानले जातात आणि सर्वांत शेवटी, बहुधा आदल्या रात्री, 'संदर्भसूची' नावाचे एक पान जोडले जाते. त्या पानावर काय असते? 'गूगल', 'विकिपीडिया', 'ग्रंथालयातील विविध पुस्तके'. काही वह्यांत आठ-दहा भारदस्त ग्रंथांची नावे ओळीने लिहिलेली असतात. 'यातले कोणते वाचलेस?' असे विचारले की मुलगा हसतो. सरांनी दहा संदर्भ मागितले होते, म्हणून दहा लिहिले.

या शेवटच्या पानाविषयी आज थोडे लिहावे असे आम्हांला वाटते. विषय कोरडा आहे, हे मान्य. परंतु पालकांशी बोलताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो: 'यात एवढे वाईट ते काय? कोणाचे नुकसान झाले? मार्कांपुरते तर आहे.' प्रश्न विचारणारे आईवडील सज्जन असतात. दुकानात दोन रुपये जास्त परत आले तर ते मागे फिरून देऊन येतील. म्हणून त्यांच्या प्रश्नाला 'ते चूकच आहे' एवढे उत्तर देऊन भागणार नाही.

शिक्षक सहसा याला चोरी म्हणतात. 'वाङ्मयचौर्य' या शब्दातच चोरी आहे. म्हणजे प्रकरण सातव्या आज्ञेत बसते असे धरले जाते. पण समजा, एका मुलीने मोठ्या बहिणीचा तीन वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट तिला विचारून घेतला, तारीख बदलली आणि स्वतःच्या नावावर दिला. कोणाचे काय चोरीला गेले? बहिणीने तर आनंदाने दिला. किंवा समजा, शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या एखाद्या लेखकाची दोन पाने उतरवून घेतली. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचा स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे कायद्यानेही तेथे कोणाची मालमत्ता उरलेली नाही. आणि न उघडलेल्या ग्रंथाचे नाव सूचीत घातले, तर कोणाचे काही घेतलेले तर नसतेच, उलट त्या लेखकाला फुकटचा मान मिळतो. चोरी शोधू गेलो तर तीनही ठिकाणी हात रिकामे राहतात. तरीही तीनही ठिकाणी काहीतरी बिघडले आहे हे आपल्याला कळते.

ते काय, याचे उत्तर आम्हांला पुढच्या आज्ञेत सापडते. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. (आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या क्रमाने ती नववी.) संदर्भ देणे म्हणजे साक्ष देणे होय. 'हे वाक्य अमुक पुस्तकाच्या अमुक पानावर आहे' असे लिहिणारा विद्यार्थी सांगत असतो की, मी तेथे गेलो, मी ते पाहिले, तुम्हीही जाऊन पाहा. आणि संदर्भ न देता लिहिलेला विचार सांगत असतो की, हा माझ्या डोक्यातून आला. दोन्हींपैकी एकही खरे नसेल, तर मालमत्ता कोणाचीही असो, साक्ष खोटी ठरते. फसतो तो वाचणारा. संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो की, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून जे सोपवले गेले ते त्याने मुळापासून तपासून मग क्रमाने लिहिले. लिहिणाऱ्याने आपली माहिती कोठून आली हे आधी सांगावे, ही अपेक्षा काही आजच्या विद्यापीठांनी शोधून काढलेली नाही.

आपल्या भाषेतील एक उदाहरण घेऊ. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणावर आपली मुले प्रकल्प करतात, आणि त्याचा आम्हांला आनंद आहे. हे इंग्रज जेज्वीट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांचा हा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. आता विद्यार्थी संदर्भसूचीत काय लिहितो? 'ख्रिस्तपुराण, फादर स्टीफन्स, रायतूर, १६१६.' दिसायला किती अचूक! पण त्या १६१६ सालच्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुढे १६४९ आणि १६५४ साली आवृत्त्या निघाल्या, त्यांच्याही प्रती सापडलेल्या नाहीत. जे पुस्तक कोणाही हयात माणसाने पाहिलेले नाही, ते या मुलाने 'पाहिले' आहे!

मग त्याने पाहिले ते काय? जुन्या हस्तलिखितांवरून जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे रोमन लिपीत छापलेली आवृत्ती असू शकेल. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून काढलेली देवनागरी आवृत्ती असू शकेल, जी सालढाणांच्या पुस्तकावरून केलेली आहे. लंडन येथील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आहे, त्यावर आधारलेले एखादे पुस्तक असू शकेल. किंवा, आणि हेच बहुधा खरे असते, दहावीच्या कुठल्यातरी गाईडमधला एक परिच्छेद असू शकेल. यांतले कोणतेही असले तरी लाज वाटण्याचे कारण नाही. पण जे असेल तेच लिहावे. कारण हस्तलिखितांत पाठभेद आहेत. मंगळूरच्या रोमन प्रतीत एखादा शब्द एक आहे, लंडनच्या देवनागरी प्रतीत त्याच ठिकाणी दुसरा, अधिक संस्कृत वळणाचा शब्द आहे. फादर स्टीफन्स यांनी कोणता शब्द वापरला यावर विद्वान वाद घालतात. विद्यार्थ्याने '१६१६' असे ठोकून दिले की वाचणाऱ्याला वाटते, मूळ शब्द हाच, वाद मिटला. चार अंकांनी केवढा घोटाळा होतो तो पाहा.

दुसऱ्याच्या पुस्तकातून मिळालेले वाक्य त्या दुसऱ्याच्या नावानेच द्यावे. 'अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत' एवढे तीन-चार शब्द पुरतात. अशाने प्रकल्प हलका दिसेल अशी भीती मुलांना वाटते. आम्हांला तर असा मुलगा भेटला की त्याच्या इतर पानांवरही विश्वास बसतो.

आपण भाविक लोकही या बाबतीत फार काटेकोर आहोत असे नाही. 'हे प्रभू, मला तुझ्या शांतीचे साधन कर' या अर्थाची प्रार्थना आपण संत फ्रान्सिस असिसीकर यांची म्हणून किती वर्षे म्हणत आलो आहोत! संत फ्रान्सिस १२२६ साली वारले. ही प्रार्थना मात्र सर्वप्रथम आढळते ती १९१२ साली, पॅरिसमधून निघणाऱ्या 'ला क्लोशेत' नावाच्या एका छोट्या फ्रेंच मासिकात, तीही लेखकाच्या नावाशिवाय. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती पसरली, फ्रान्समध्ये कोणीतरी संत फ्रान्सिस यांच्या चित्राच्या मागे ती छापली आणि चित्रावरचे नाव प्रार्थनेला चिकटले. यात कोणी लबाडी केली असे नाही. प्रार्थनाही तितकीच सुंदर आहे, ती म्हणणे सोडावे असे कोणी सुचवत नाही. पण 'मध्ययुगीन युरोपातील शांतीविचार' या विषयावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने तिचा आधार घेतला तर त्याची सबंध इमारत सातशे वर्षे चुकीच्या जागी उभी राहील.

येथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. पूर्वीचे लोक कुठे संदर्भ देत होते? इब्री लोकांस पत्राचा लेखक आठव्या स्तोत्रातील ओळी घेतो आणि कोणीतरी कुठेतरी अशी साक्ष दिली आहे, एवढेच म्हणून पुढे जातो. आजच्या परीक्षकाने त्याला नापास केले असते! पण त्या काळी अध्याय आणि ओव्यांचे क्रमांकच नव्हते. बायबलचे आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन यांनी पाडले असे मानतात, आणि नव्या कराराला आजचे वचन-क्रमांक १५५१ साली रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने दिले. शिवाय त्या पत्राच्या वाचकांना स्तोत्रे तोंडपाठ होती. ज्याला घर ठाऊक आहे त्याला पत्ता सांगावा लागत नाही. आज आपल्याला लागतो. एवढेच कशाला, नुसता पत्ताही आज पुरत नाही. पंडिता रमाबाईंचे १९२४ साली प्रसिद्ध झालेले भाषांतर आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' यांत एकाच वचनाची शब्दरचना वेगळी आहे, म्हणून बायबलमधील वचन देताना कोणते भाषांतर वापरले ते लिहायला हवे.

आणि आपल्या मराठी परंपरेला तर नाव सांगण्याची सवय जुनीच आहे. अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा येते, ती कशासाठी? नाममुद्रा सारखी असली की काय होते हेही आपण पाहिले आहे. विष्णुदास नामा या पुढच्या काळातील कवीची रचना संत नामदेवांच्या रचनेत मिसळली आणि ती वेगळी काढता काढता अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. संत थॉमस अक्वायनस आपल्या ग्रंथांत पानोपानी ॲरिस्टॉटलचा आधार घेतात आणि दर वेळी तसे सांगतात. ॲरिस्टॉटल ख्रिस्ताच्या आधीचा, मूर्तिपूजक ग्रीक. त्याचे नाव घेतल्याने आपली विद्वत्ता कमी होईल, असे त्या महापंडिताला वाटले नाही.

आता जो मुद्दा आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो त्याकडे वळतो. आपली मुले आता स्थानिक विषय घेऊ लागली आहेत: लग्नातील गाणी, जुने दागिने, विहिरी, वाड्यांची नावे, शेतीची औजारे, बोलीतील शब्द. ही माहिती पुस्तकांत नसते. ती असते ओट्यावर बसलेल्या एखाद्या आजीकडे. मुलगी मोबाईल घेऊन जाते, आजी दोन तास गाते, मध्ये मध्ये थांबून कोणत्या विधीला कोणते गाणे ते समजावून सांगते. पुढे प्रकल्पात छापले जाते: 'संकलन: कुमारी अमुक.' आणि आजी? आभाराच्या पानावर 'गावातील ज्येष्ठ नागरिक' या दोन-तीन शब्दांत ती विरघळून जाते.

पुस्तकाच्या लेखकाला पान क्रमांकासहित मान आणि अंगठा उठवणाऱ्या बाईला नावही नाही, हा न्याय आम्हांला मान्य नाही. येथे मघाचा युक्तिवाद थोडा बदलावा लागतो. मेलेल्या विद्वानाचे आपण काही नेत नव्हतो. आजीचे मात्र नेतो, कारण तिच्याजवळ दुसरी कोणतीही नोंद नाही. तिचे नाव या पानावर आले नाही तर ते कोणत्याच पानावर येणार नाही.

हे कसे करावे याचा उत्तम नमुना महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आहे, आणि त्यात गाणारणीचे नाव आणि तिचे गाव यांची नोंद ठेवलेली आहे. गाणाऱ्या बायांपैकी कित्येकींनी शाळा पाहिलेली नव्हती. त्यांची नावे आज अभ्यासकांच्या लेखांत येतात. आपल्या मुलांनाही हे सहज जमेल: सांगणाऱ्याचे नाव, गाव, मुलाखतीची तारीख. आधी विचारावे, 'आजी, तुमचं नाव लिहू का?' काही जणी 'नको गं बाई' म्हणतील. तेव्हा नाव झाकावे आणि 'सांगणारीच्या इच्छेवरून नाव दिलेले नाही' असे लिहावे. चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवह्या पाहण्यास येणाऱ्यांनीही नोंदवही, वर्ष आणि पान लिहून घ्यावे. आणि हयात माणसांच्या घरगुती गोष्टी त्यांतून उचलून प्रकल्पात घालू नयेत, फादरांनी परवानगी दिली असली तरी.

ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांतही भेद ठेवावा. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील मोठ्या घंटेवर १७२१ हे साल आहे, ते जाऊन पाहता येते. चिमाजी अप्पांच्या १७३९ सालच्या वसई विजयानंतर ती तेथे पोहोचली असे सांगतात, ते 'असे सांगतात' म्हणूनच लिहावे. आणि ती आपल्याच अमुक चर्चची होती असे गावातील कोणी म्हणाले, तर ते त्याच्या नावावर लिहावे. तीन वाक्ये, तीन वेगळ्या वजनांची.

कॉलेजातील मुलांना या सर्वांपेक्षा एका आकड्याची चिंता अधिक असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली केलेल्या नियमांत शोधनिबंध आणि प्रबंधांतील साम्याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, ४० पर्यंत सुधारून पुन्हा सादर करणे, ६० पर्यंत एक वर्ष सादर करण्यास मनाई, त्याहून अधिक असल्यास नोंदणी रद्द. नियम उपयुक्त आहे. पण मुलांनी त्यातून काढलेला अर्थ ऐकून आम्ही थक्क झालो: '१० टक्के कॉपी चालते.' मग ते दुसऱ्याचा उतारा घेऊन 'सुंदर'च्या जागी 'रम्य' आणि 'युद्ध'च्या जागी 'लढाई' घालत बसतात, टक्का खाली येईपर्यंत. यंत्र शब्द मोजते. विचार कोणाचा हे त्याला कळत नाही. सरळ अवतरणचिन्हांत उतारा देऊन खाली नाव लिहिले असते तर तो मोजलाही गेला नसता! शब्द बदलूनही विचार दुसऱ्याचाच राहिला, फक्त आता तो लपवला गेला. प्रामाणिकपणाला एक तास लागला असता तेथे लबाडीला तीन रात्री लागल्या.

मोठ्यांचेही असे होते. जर्मनीच्या शिक्षणमंत्री ॲनेट शावान या ईशज्ञानाच्या विद्यार्थिनी. १९८० साली त्यांना ड्युसेलडॉर्फ विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली आणि प्रबंधाचा विषय होता, व्यक्ती आणि तिची सदसद्विवेकबुद्धी. तेहतीस वर्षांनी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, इतरांचे लेखन योग्य श्रेय न देता वापरल्याच्या कारणावरून विद्यापीठाने ती पदवी काढून घेतली आणि काही दिवसांतच त्यांनी मंत्रिपद सोडले. जाणूनबुजून फसवले नाही असे त्या सांगत राहिल्या, न्यायालयाने मात्र २०१४ साली विद्यापीठाचा निर्णय कायम ठेवला. पुढे काही वर्षे त्या व्हॅटिकनमध्ये जर्मनीच्या राजदूत होत्या. त्यांच्या मनात काय होते ते देव जाणे. पण सदसद्विवेकबुद्धीवर लिहीत असतानाही तळटीप राहून जाऊ शकते, हे मुलांनी लक्षात ठेवावे.

हल्ली यात एक नवी भर पडली आहे. संगणकाला विचारले की तो निबंध लिहून देतो आणि मागाल तितके संदर्भही देतो: लेखक, वर्ष, पान, सगळे. त्यांतले काही पुस्तक जगात कधी छापलेच गेलेले नसते. २०२३ साली न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी अशाच यंत्राने रचलेले, प्रत्यक्षात कधीही न झालेले खटले आधार म्हणून न्यायालयापुढे मांडले. न्यायाधीशांनी त्यांना आणि त्यांच्या कार्यालयाला मिळून ५,००० डॉलर दंड केला. यंत्राला साक्ष देता येत नाही, कारण त्याने काही पाहिलेले नसते. सही आपली असते. म्हणून यंत्राची मदत घेतली असेल तर शिक्षकांना तसे सांगावे, आणि त्याने सुचवलेले पुस्तक हातात येईपर्यंत सूचीत घालू नये.

काटेकोर पद्धतीविषयी फार लिहीत नाही. एपीए, एमएलए, शिकागो अशा वेगवेगळ्या पद्धती आहेत, कॉलेज सांगेल ती वापरावी. स्वल्पविराम इकडे की तिकडे हा प्रश्न दुय्यम आहे. खरी गोम टिपणवहीत आहे. पुस्तक उघडताच आधी लेखक, नाव, प्रकाशक, गाव, वर्ष लिहावे आणि प्रत्येक टिपणाशेजारी पान क्रमांक. जसेच्या तसे उतरवलेले वाक्य लगेच अवतरणचिन्हांत घालावे, कारण दोन महिन्यांनी आपलेच अक्षर पाहून ते वाक्य आपलेच वाटू लागते. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले, असल्या सर्वांना ठाऊक गोष्टींना संदर्भ लागत नाही. आणि पालकांनो, दहा संदर्भांचा आग्रह धरू नका. वाचलेली तीन पुस्तके पुरेत. शिक्षकांना भेटून तसे सांगावे लागले तर सांगा.

आता शेवटची एक गोष्ट, ज्या मुलांनी वही आधीच देऊन टाकली आहे त्यांच्यासाठी. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना बॉस्टन विद्यापीठाने १९५५ साली डॉक्टरेट दिली. त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी उघड झाले की त्या प्रबंधात इतरांच्या लेखनातील भाग श्रेय न देता घेतलेले आहेत. विद्यापीठाने समिती नेमली. १९९१ साली समितीने दोष स्पष्ट शब्दांत मान्य केला, पण पदवी काढून घेण्याने काही साधणार नाही असे सांगितले. माणूस थोर म्हणून दोष झाकला नाही, आणि दोष सापडला म्हणून माणूस पुसून टाकला नाही. समितीचा निष्कर्ष सांगणारे एक पत्र ग्रंथालयातील प्रबंधाच्या प्रतीला जोडावे, असे ठरले. किंग यांना ते स्वतः लिहिता आले नाही. वर्गात बसलेल्या मुलाला तसे पत्र आपल्या शिक्षकांना आजही देता येते: 'सर, पान नऊ ते बारा माझे नाही, ते येथून घेतले आहे.' मार्क कापले जातील, कदाचित बरेच.